हललेला पूल

पुलावर पाय ठेवण्याआधी बाई उजव्या हाताची दोन बोटं खांबाला लावायच्या आणि मग ती ओठांना टेकवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पुलाला नमस्कार करताहेत. आपल्याकडे गाडीला करतात, दुकानाच्या उंबरठ्याला करतात, मग पुलानंच काय घोडं मारलंय? म्हणून मागोमाग मीही खांबाला हात लावून कपाळाला लावला. बाई वळल्या.

"अगो, ते आमच्या देवाचं आहे. तुझ्या देवाला चालेल का विचारलंस?"

"चालतं त्याला," मी म्हटलं.

"मग कर. दोघांनी धरला तर जास्त टिकेल."

तो पूल आता नाही. बाईही नाहीत. दोघं एकाच संध्याकाळी गेले. त्या संध्याकाळबद्दल गावात जे बोलतात ते अर्धवट आहे, म्हणून हे लिहायला बसले.

बाई बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांचं मूळ घराणं अलिबागकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. बाई मुंबईत नर्सिंग शिकल्या, लग्न करून नवऱ्याबरोबर इंग्लंडला आल्या आणि ब्रॅकनेलपासून गाडीनं जरा आत असलेल्या या गावात त्यांनी एक पडकी पाणचक्कीची गिरणी विकत घेतली. ही बातमी मुंबईला पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "साता समुद्रापार जाऊन तेल्यानं शेवटी घाणाच घेतला ना!" हे सांगताना बाई सासूबाईंचा आवाज काढायच्या आणि मग स्वतःच खूप हसायच्या.

माझी ओळख फोनवर झाली. मी ब्रॅकनेलला आयटीत. गिरणीच्या जुन्या कोठाराचा वरचा मजला भाड्यानं आहे असं कळलं, फोन केला, नाव सांगितलं. पलीकडचं इंग्लिश एकदम थांबलं.

"मराठी आहेस? मग बघायला ये. आणि येताना कोथिंबीर आण. आमच्या गावात पार्स्लीलाच कोथिंबीर समजतात."

मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन गेले आणि कायमची राहिले. सुरुवातीला मी त्यांना मावशी म्हणाले. "तुझी आई माझी बहीण होती का?" त्या म्हणाल्या. "मुंबईला वॉर्डात सगळे मला बाई म्हणायचे. तू पण बाईच म्हण."

जागा कशी होती ते सांगते. गिरणीच्या अंगावरून एक पाट जातो, नदीचं पाणी चाकावर आणण्यासाठी काढलेला. पाटाच्या एका काठावर गिरणी आणि तिला चिकटून बाईंचं घर. दुसऱ्या काठावर पोत्यांचं कोठार, त्यात वर मी. आणि मधे तो पूल. लाकडाचा, दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या भिंती, वर कौलांचं छप्पर. पूल कसला, पाण्यावर टांगलेली लांबट खोलीच.

आणि हा पूल मूळचा तिथला नव्हताच. उन्हाळ्यात एका रविवारी गिरणी लोकांना पाहायला उघडी ठेवायचे, तेव्हा माहिती सांगायला बाई उभ्या राहायच्या. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "This bridge is not from here. Neither am I. Mind your head." लोक हसायचे, आणि हसण्याच्या नादात कुणीतरी डोकं आपटून घ्यायचंच.

पूल होता नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या एका गिरणीत. तिथेही तो गिरणी आणि कोठार जोडायचा. पीठ भिजू नये म्हणून त्याला छप्पर. पुढे ती गिरणी बंद पडली आणि तिच्यावरून मोठा रस्ता जायचं ठरलं. गिरणी पाडली, पूलही जाळायला काढणार होते. बाईंचे यजमान ड्राफ्ट्समन. ते रोज कामावरून येताना तिथे उभे राहून बघत. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "तो पूल आपण आणू या." बाई म्हणाल्या, "घरात खुर्च्या नाहीत, तुम्ही पूल आणा."

आणला. तुळई तुळई सुटी करून, लॉरीवर घालून. लाकडांवर जुन्या सुतारांचे रोमन आकडे होते, लॉरीवाल्यांनी खडूनं स्वतःचे घातले. घोळ नको म्हणून यजमानांनी प्रत्येक लाकडावर छिन्नीनं मराठी आकडे कोरले. पुढे वारसावास्तूंचा अभ्यास करणारे एक सद्‌गृहस्थ आले, आणि १, ७, ९ बघून हरखून गेले. कुठल्याशा प्राचीन सुतारमंडळाची खूण असणार, म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि फोटो काढू दिले. "एवढा आनंद झाला होता बिचाऱ्याला," त्या मला म्हणाल्या, "कुठे मोडायचा?"

पूल उभा राहिला त्या दिवशी बाईंनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं, आणि एलिया हान्नबी या त्यांच्या प्रेषिताची प्रार्थना. खांबावर मेझुझा ठोकला. ज्यू लोक दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची गुंडाळी घातलेली छोटी डबी लावतात, ती. लंडनच्या रबायनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, सांगितलं, पुलाला लागत नाही, घराला लागतो. यजमानांनी विचारलं, "छप्पर आहे, भिंती आहेत, दोन दारं आहेत. आणखी काय पाहिजे, न्हाणीघर?"

मी गेले तेव्हा यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. पूल थकला होता. बाईंनी कौन्सिलला दुरुस्तीसाठी मदत मागितली. उत्तर आलं की पूल मूळ जागेवरून हलवलेला असल्यामुळे तो वारसावास्तू धरता येत नाही. त्या दिवशी बाई खरोखर चिडल्या. "हलवलाय म्हणून जुना नाही? मग मला काय म्हणतील हे? मला पण हलवलंय." त्यांच्या तोंडी हा शब्द सतत असायचा. पूल हलवलाय. आम्ही हलवलाय. ह्यांनी हलवलाय. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या एका क्रियापदात बसली होती.

त्यांना एकच मुलगा, सॅम. बाई त्याला शमू म्हणायच्या. तो हाउन्सलोला राहायचा, विमानतळावर मालवाहतुकीचं काम करायचा. जन्म इथला. मराठी समजायचं, पण बोलताना बाईमाणसाचा पुरुष आणि पुरुषाची बाई व्हायची. "माझा आई कुठे आहे?" असं तो मला फोनवर विचारायचा. मी हसू दाबायची.

सॅमला जागा विकायची होती. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा, आणि तरी त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. आई एकटी, हिवाळ्यात घराकडची गल्ली पाण्याखाली, गिरणीची भिंत फुगलेली. कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं, त्याला गिरणीचे फ्लॅट करायचे होते. पूल जाणार होता. सॅम दर भेटीत विषय काढायचा आणि बाई दर वेळी पुलाच्या गोष्टीवर यायच्या. तुझ्या बापानं हा हलवून आणलाय, मी असेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तो खाली मान घालून जेवायचा आणि निघताना म्हणायचा, "Same story, Mum."

मग बाईंना स्ट्रोक झाला.

चालणं परत आलं, वॉकर धरून का होईना. जेवणखाण आलं. इंग्लिश मात्र गेलं ते गेलंच. जिनं इथल्या वॉर्डात जन्मभर इंग्लिशमध्ये हुकूम सोडले, त्या बाईला आता "टी" म्हणता येईना. चहा म्हणता यायचं. मराठीही सुटं सुटं, एका दमात दोन-तीन शब्द. सकाळी येणारी केअरर चांगली होती, पण ती बिचारी काय समजणार? मी भिंतीवर शब्द लिहून ठेवले होते. पाणी म्हणजे वॉटर, दुखतंय म्हणजे पेन. बाई त्या कागदाकडे अशा बघायच्या की मला लाज वाटायची.

एक दिवस त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. काहीतरी सांगायचं होतं. शेवटी निघालं, "शमूला... कळत नाही."

"काय कळत नाही, बाई?"

"मी," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आणि आठवण्यासारखं नसणारच. वाचणाऱ्यांपैकी कुणी आपल्या आईला किंवा बापाला भाषेतून असं हळूहळू हद्दपार होताना पाहिलं असेल, तर त्यांना वेगळं सांगायला नको. माणूस समोर खुर्चीत बसलेलं असतं आणि आपण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तो जानेवारी पावसाचा होता. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता पडत राहतो, आठवडाभर, कुणाचं काही न ऐकता. मी कामासाठी ग्लासगोला गेले होते. नदी चढली, पाट तुडुंब झाला आणि घराकडची गल्ली नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेली. म्हणजे घरात जायला कोठाराच्या बाजूनं पूल ओलांडून, एवढाच मार्ग उरला.

शनिवारी दुपारी बाईंनी सॅमला फोन केला. फोनवर त्याच्या नावाचं मोठं बटण होतं, ते त्यांना दाबता यायचं. तो कामात होता, त्यानं उचलला नाही. बाईंनी निरोप ठेवला. तो त्यानं नंतर ऐकला आणि संध्याकाळी आईकडे निघाला. जाताना साउथॉलला थांबून आईला आवडतं म्हणून पापलेट घेतलं.

चार वाजताच अंधारायला लागलं होतं. त्यानं गाडी कोठाराशी लावली. बाई घराच्या दारात उभ्या होत्या. त्याला बघून त्या वॉकर तिथेच टाकून पुलावर आल्या. मधोमध पोचल्या आणि पुलाचा गिरणीकडचा पाया गेला. पाण्यानं खालची माती आधीच खाल्ली होती. छप्पर, फळ्या, तुळया, सगळं बाईंच्या अंगावर घालून पूल पाटात बसला. सॅमचा एक पाय पुलावर होता. तो आपल्या बाजूच्या खांबाला धरून राहिला, म्हणून वाचला. बाई दुसऱ्या दिवशी खालच्या बांधाशी सापडल्या.

गावात सांगतात ते असं की बिचारी म्हातारी मुलाला बघून हरखली आणि भान विसरून धावली. दफनाच्या वेळीही लंडनहून आलेली मंडळी हेच बोलत होती. आईचं काळीज, म्हणत होती. मीही तेच समजत होते.

काही आठवड्यांनी सॅम घर आवरायला आला. मी मदतीला गेले, लांबून गल्लीनं. चिखल सुकला होता. त्यानं आईची भांडी खोक्यात भरली, कागदात गुंडाळून, फार काळजीपूर्वक. मग एकदम खुर्चीवर बसला आणि फोन काढला.

"तुला एक ऐकवायचं आहे," तो म्हणाला. "I've never told anyone. आई मला येऊ नको म्हणाला."

"कधी?"

"त्या दिवशी. Same story, bridge moved, Dad moved the bridge, आणि मग येऊ नको. म्हणजे घर विकायचं तर तोंड दाखवू नको, असं ना? मी sorry म्हणायला आलो होतो. पापलेट आणलं होतं. माझा आई मला शेवटी काय बोलला, तर येऊ नको."

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि निरोप लावला.

आधी नुसता श्वास. मग बाईंचा आवाज, घोगरा, एकेक शब्द उपसून काढल्यासारखा.

"शमू... पूल हललाय... येऊ नको."

मी पुन्हा लावायला सांगितलं. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. हललाय. हलवलाय नाही, हललाय. मधला एक व नव्हता. तो व बाईंनी जन्मात कधी गाळला नव्हता, कारण तो व म्हणजे त्यांचा नवरा होता, लॉरी होती, मलिदा होता. हलवलाय म्हणजे कुणीतरी उचलून आणलाय. हललाय म्हणजे आत्ता, इथे, पायाखाली डळमळलाय. आपलं शेंबडं पोरही यात चुकणार नाही. इंग्लंडात वाढलेला पन्नाशीचा माणूस चुकला.

रोज त्या खांबाला बोटं लावायच्या. त्या दिवशीही लावली असणार आणि बोटांना कळलं असणार. मग घरात येऊन, उरलेल्या थोड्या शब्दांतून त्यांनी हे चार निवडून काढले.

सॅम माझ्याकडे बघत होता. "हललाय म्हणजे moved, ना?"

मला त्या वेळी भाषेचाच संताप आला. इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच शब्द पुरतो. मान डोलावली असती तरी ते पुरतं खोटं ठरलं नसतं. तो आयुष्यभर समजत राहिला असता की आई आपल्यावर रागावून गेली, आणि अशा रागाशी माणूस कधीतरी तडजोड करतो. खरं सांगितलं तर राग पुसला जाणार होता आणि त्या जागी दुसरंच काही येणार होतं. मी माझ्या हातातली बशी किती वेळ पुसत होते कोण जाणे. पण बाई म्हणाल्या होत्या, शमूला मी कळत नाही. आता त्या सांगायला येणार नव्हत्या आणि मधे उभी असलेली मी एकटीच होते.

"नाही सॅम," मी म्हटलं. "आई तुझ्या बाबांची गोष्ट सांगत नव्हत्या. पूल हलतोय, असं सांगत होत्या. It's shaking. पुलावरून येऊ नको."

मग त्याचा चेहरा सैल झाला, लहान मुलासारखा. "म्हणजे... रागावला नव्हता?"

"नाही रे. मुळीच नाही."

"रागावला नव्हता," तो पुन्हा म्हणाला, आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, बरं झालं सांगितलं. इतकंच पुरेसं असतं तर!

रडता रडता तो थांबला. खिडकीकडे बघू लागला. खिडकीतून पाट दिसायचा, आणि पूल नसलेला पलीकडचा काठ.

"ती दारात उभा होता," तो सावकाश म्हणाला. "मी गाडीतून उतरलो. आई हात हलवत होता. दोन्ही हात, असे, वरती."

त्यानं हात वर करून दाखवले.

"मला वाटलं, राग गेला," सॅम म्हणाला. "मी पण हलवला. हसलो, आणि पाय ठेवला पुलावर. मग ती पुलावर धावला, माझ्याकडे."